जुन्या गाडीचा रंग जुळवताना

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळ वसलेल्या कुरुंदवाडला पूर नवा नाही. २००५ साली तो आला, २०१९च्या ऑगस्टमध्ये आला आणि २०२१च्या जुलैत पुन्हा आला. २०१९च्या पुरात आमच्या घराच्या सोप्यापर्यंत पाणी चढले. अंगणात उभी असलेली वडिलांची प्रीमियर पद्मिनी दारांच्या निम्म्या उंचीपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर इंजिन उघडून साफ केले, गाडी चालूही झाली. परंतु दारांच्या तळाशी पाणी निचरून जाण्यासाठी जी बारीक भोके असतात ती गाळाने बुजली होती. आत ओल राहिली, पत्रा आतून गंजू लागला आणि डिसेंबरपर्यंत डाव्या बाजूच्या दोन्ही दारांच्या खालच्या कडेला रंगाचे फोड उठले. नखाने टोकरले की रंगाची खपली निघे आणि खाली तांबडा गंज दिसे.

गावातल्या जुन्या पेंटरने गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितले, "साहेब, तेवढंच मारलं तर डाग दिसणारच. त्यापरीस सगळी गाडीच मारून घेऊ की."

व्यवहाराच्या दृष्टीने सल्ला बरोबर होता. पण आम्हा भावंडांना तो पटेना. गाडी १९८४ सालची. तिच्या अंगावरचा रंग कारखान्यातून आलेला, मूळचा. राखाडीकडे झुकणारा फिकट निळा. घरात त्याला 'आभाळी' म्हणत. वडील असेपर्यंत दर रविवारी सकाळी ते स्वतः गाडी पुसत. सगळी गाडी नव्याने रंगवायची म्हणजे तो थर घासून काढून टाकायचा, आणि एकदा काढलेला मूळ रंग परत आणता येत नाही. शिवाय मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी बंद होऊन दोन दशके लोटली होती. ३० ऑक्टोबर २०२३पासून तर मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणूनही पद्मिनी उरलेली नाही. मूळ रंग अंगावर असलेली गाडी जपण्यासारखी आहे असे आम्हाला वाटले.

म्हणजे हवा होता फक्त पाव लिटर रंग, जुन्या रंगाशी जुळणारा. आमच्यापैकी एकाची सारी नोकरी प्रयोगशाळेत वर्णपट मोजण्यात गेलेली. त्यामुळे हे काम सोपे आहे अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात तीन डबे करावे लागले. पहिले दोन का फसले, हे समजून घेताना प्रकाश, पदार्थ आणि डोळा या तिघांचा जो पाठ आम्हाला मिळाला तो वर्गात सांगण्याजोगा आहे.

पहिला डबा : १९८४चा रंग

नोंदणीपुस्तकात रंगाच्या रकान्यात 'ब्लू' एवढेच लिहिलेले. शब्दावरून रंग करता येत नाही. निळ्या म्हणवल्या जाणाऱ्या छटा असंख्य आहेत. तेव्हा नमुना हवा, आणि नमुना शुद्ध हवा. म्हणून आम्ही डिकीच्या झाकणाची रबरी पट्टी थोडी सरकवली. तिच्याखाली ऊन न लागलेला, तुकतुकीत मूळ रंग होता. त्यावरून डबा तयार करून घेतला. पट्टीखालच्या रंगाशी तो उत्तम जुळला. दाराजवळ धरला तर गडद आणि परका दिसला.

चूक उघड होती. आम्ही १९८४ सालच्या गाडीचा रंग केला होता आणि तो लावायचा होता २०२० सालच्या गाडीला.

गाडीचा रंग म्हणजे बंधक द्रव्यात विखुरलेले रंगद्रव्याचे कण. बंधक द्रव्य हे एक प्रकारचे राळेसारखे बहुवारिक असते. ते कणांना धरून ठेवते आणि वर गुळगुळीत पृष्ठभाग देते. उन्हातील अतिनील किरण, हवेतील ऑक्सिजन आणि ओलावा यांच्यामुळे त्याच्या रेणुसाखळ्या हळूहळू तुटतात. पांढऱ्या रंगद्रव्यातील टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील प्रकाशात ही मोडतोड वाढवू शकतो. बंधक झिजले की कण उघडे पडतात आणि बोट फिरवल्यास बोटाला खडूसारखी पूड लागते. रंगकाम करणारे याला 'रंग खडूवर आला' असे म्हणतात.

अशा खडबडीत पृष्ठभागावरून पांढऱ्या प्रकाशाचे सर्व दिशांना विकिरण होते. हा पांढरा प्रकाश आतून येणाऱ्या रंगीत प्रकाशात मिसळतो आणि रंग फिका पडल्यासारखा भासतो. काही रंगद्रव्ये प्रकाशाने स्वतःही फिकी होतात. बंधक पिवळसर होते ते वेगळेच. निळ्यावर पिवळसर झाक आली की रंग किंचित हिरवट दिसतो. आमच्या दाराचे नेमके हेच झाले होते.

यातील खडबडीतपणाचा भाग खरा किती आणि आतला बदल किती, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती पेंटरने दाखवली. त्याने ओले फडके दारावरून फिरवले. क्षणात रंग गडद झाला. वाळला तसा पुन्हा फिका पडला. पाण्याने पृष्ठभागावरचे खड्डे भरले, विकिरण कमी झाले आणि आतला रंग दिसला. दगडी पाटी ओली केल्यावर काळीभोर दिसते त्याचे कारणही हेच. पेंटर म्हणाला, "आधी गाडी घासून चमकवा, मग रंग काढा." रंग काढणे म्हणजे त्याच्या भाषेत छटा जुळवणे. रबिंग कंपाउंड लावून दार हलक्या हाताने घासले तेव्हा वरचा पुडीचा थर निघाला. जो रंग उरला तो १९८४चाही नव्हता आणि धुळकटही नव्हता. जुळवायचे होते ते याच्याशी.

दुसरा डबा : ट्यूबलाइटचा रंग

आता नमुना बरोबर होता. रंगाच्या दुकानात ट्यूबलाइटखाली बसून, थेंब थेंब रंग मिसळून, दुसरा डबा तयार झाला. वाळलेले पत्र्याचे कार्ड आणि दारावरून निघालेली रंगाची खपली शेजारी ठेवली. दोन्ही एकच. आम्ही खूष होऊन बाहेर आलो. दुकानाच्या पायरीवर उन्हात पाहिले तर कार्ड चक्क लालसर राखाडी दिसत होते! आत नेले की पुन्हा एकच.

कार्ड बदलले नव्हते, खपली बदलली नव्हती. बदलला होता तो प्रकाश.

इचलकरंजी आमच्या गावापासून फार दूर नाही. तिथल्या कापड प्रक्रियेच्या कारखान्यांत हा अनुभव रोजचा आहे. कापडाचा रंग ग्राहकाच्या नमुन्याशी जुळला की नाही हे ठरवण्यासाठी तेथे एक पेटी असते. आतून राखाडी रंगवलेल्या या पेटीत निरनिराळे दिवे असतात: दिवसाच्या उजेडासारखा एक, दुकानातल्या ट्यूबलाइटसारखा एक, तारेच्या पिवळ्या बल्बचा एक. ओळखीने आम्ही कार्ड आणि खपली अशा एका पेटीत ठेवली. बटणे एकामागून एक दाबली. एका दिव्यात जोडी जमे, दुसऱ्यात फुटे. दोन वस्तूंचे रंग एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसणे, या घटनेला मेटॅमेरिझम म्हणतात.

गुणपत्रिकेचे उदाहरण

हे कसे घडते? शिक्षकांना सर्वांत जवळचे उदाहरण गुणपत्रिकेचे.

समजा, अ या विद्यार्थ्याला विज्ञानात ६०, गणितात ६० आणि भाषेत ६० गुण आहेत. ब या विद्यार्थ्याला अनुक्रमे ८०, ४० आणि ६० गुण आहेत. दोघांची बेरीज १८०. फक्त बेरीज पाहणाऱ्याला दोघे सारखेच. आता एखाद्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी विज्ञानाचे गुण दुप्पट धरायचे ठरले. अची बेरीज झाली २४०, बची २६०. विद्यार्थी तेच, गुण तेच. वजन बदलल्याबरोबर समानता मोडली.

रंगाचे गणित असेच आहे. वस्तू प्रत्येक तरंगलांबीचा किती भाग परावर्तित करते, ते तिचे विषयवार गुण. प्रकाशात त्या तरंगलांबीचा वाटा किती, ते वजन. आणि डोळा फक्त बेरजा पाहतो. आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. सुमारे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबींना त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. प्रत्येक प्रकार आपापल्या पट्ट्यातील प्रकाशाची एक बेरीज मेंदूकडे पाठवतो. म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील सारा तपशील केवळ तीन आकड्यांत गोळा होतो. तीन आकडे जुळले की आपण म्हणतो, 'रंग एकच आहे.' वर्णपट मात्र वेगळे असू शकतात.

ही उणीव आहे तशी सोयही आहे. डोळा तीनच बेरजा करतो म्हणून तर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांतून दूरदर्शन संचाचा पडदा हजारो रंग दाखवू शकतो. तीन प्रकाश मिसळून इतर रंग जुळवण्याचे प्रयोग इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड यांनी १९२०च्या दशकात मोजक्या निरीक्षकांवर केले. त्यांच्या आधारे १९३१ साली 'प्रमाण निरीक्षक' ठरवण्यात आला. आजची रंगमापनाची यंत्रे मूलतः त्याच पायावर उभी आहेत.

ट्यूबलाइटचा प्रकाश उन्हासारखा सलग नसतो. तिच्यात पाऱ्याच्या बाष्पाच्या ठरावीक रेषा असतात. ४३६ नॅनोमीटरची निळी आणि ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेषा त्यांत ठळक. त्यामुळे काही 'विषयांना' भरमसाट वजन मिळते आणि काहींना जवळपास शून्य. तारेच्या बल्बमध्ये तांबड्या बाजूला वजन जास्त. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरजवळ निळा उंचवटा, त्यानंतर एक दरी आणि पुढे पसरट पिवळा भाग.

आम्ही खपली आणि कार्ड दोन्हींचे परावर्तन दर १० नॅनोमीटरला मोजले, तेव्हा उलगडा झाला. जुना रंग पांढरा, काळा आणि एक निळा अशा साध्या मिश्रणाचा होता. त्याचा आलेख संथ उताराचा. दुकानात मात्र वेगळा, जांभळट निळा वापरला होता. तो जांभळट दिसू नये म्हणून पिवळा घातला, पिवळा वाढला म्हणून तांबडा घातला. अशा दुरुस्त्यांनी ट्यूबलाइटखाली तीन बेरजा जुळल्या, पण आलेख चढउतारांचा झाला. दोन्ही आलेख एकमेकांना तीन ठिकाणी छेदत होते. एकसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या वर्णपटांच्या जोडीची ही ओळखीची खूण आहे. राखाडी आणि राखाडीकडे झुकणाऱ्या रंगांत हा घोटाळा विशेष होतो, कारण राखाडी अनेक वाटांनी बनवता येतो.

यातून निघणारा नियम एकच: केवळ रंग जुळवू नये, रंगद्रव्ये जुळवावीत. वर्णपटच जुळला तर कोणत्याही प्रकाशात जोडी फुटत नाही.

एक थेंब काळा

तिसऱ्या डब्यासाठी रंगद्रव्ये ठरली, पण प्रमाण? येथे सरासरीचे साधे गणित उपयोगी पडत नाही. ८० टक्के प्रकाश परावर्तित करणारा फिकट राखाडी रंग आणि २० टक्के परावर्तित करणारा गडद राखाडी रंग समप्रमाणात मिसळला, तर उत्तर ५० टक्के येईल असे वाटते. तसे येत नाही. प्रकाश रंगाच्या थरात शिरून कणाकणांवर आपटत बाहेर पडतो. वाटेत काळ्या कणाची गाठ पडण्याची संधी त्याला अनेकदा मिळते.

कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ साली याचे सोपे सूत्र दिले. परावर्तनाचा अंश 'प' मानला, तर शोषण आणि विकिरण यांचे गुणोत्तर (१ − प)² ÷ २प इतके येते. मिश्रणात बेरीज करायची ती या गुणोत्तरांची, परावर्तनाची नव्हे. प = ०.८ साठी गुणोत्तर ०.०२५. प = ०.२ साठी ते १.६. दोन्ही रंगांची विकिरणशक्ती सारखी धरली तर समप्रमाण मिश्रणाचे गुणोत्तर सुमारे ०.८१ येते. त्यावरून उलट गणित केले की परावर्तन मिळते सुमारे ३० टक्के! दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे वर्गसमीकरण सोडवायला जरूर द्यावे. फिकट रंगात काळ्याचा एक थेंब जास्त पडला तर तो फिका करण्यासाठी पांढरा किती ओतावा लागतो, हे प्रत्येक पेंटर अनुभवाने जाणतो. म्हणूनच तो नेहमी फिक्याकडून गडदाकडे जातो, उलट कधीच नाही.

तिसरा डबा

रंगद्रव्यांची निवड आलेखावरून केली. शेवटची छटा मात्र पेंटरच्या डोळ्याने ठरली. त्याची पद्धत पाहण्यासारखी होती. प्रत्येक नमुना तो पत्र्याच्या तुकड्यावर मारून पूर्ण वाळू देई, कारण ओला आणि वाळलेला रंग सारखा नसतो. तुकड्याला मध्यभागी भोक होते. तो दारावर टेकवून भोकातून दाराचा रंग पाही, म्हणजे दोन रंगांची कड एकमेकींना भिडे आणि मध्ये सावलीची रेघ राहत नसे. पाहायची वेळ सकाळी दहाची आणि जागा उत्तरेकडच्या भिंतीच्या सावलीतली. थेट उन्हात नाही, दिव्याखाली नाही. संध्याकाळी तोच तुकडा तो बल्बखाली पुन्हा पाही. दोन्हींत जमला तरच तो नमुना पास.

आणखी एक गोष्ट तो करी. आपल्या विशीतल्या मुलाला बोलावून विचारी, "तुला कसा दिसतोय?" वयोमानाने डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश कमी आत येतो. त्यामुळे साठीच्या आणि विशीच्या माणसाच्या बेरजा तंतोतंत सारख्या नसतात. बापाने हे पुस्तकात वाचले नव्हते. चाळीस वर्षांच्या कामात ते त्याच्या ध्यानी आले होते.

प्रत्यक्ष रंगकामात गंज खरवडून पत्रा साफ केला, प्राइमर दिला, लांबी भरून वॉटर पेपरने पाणी लावत घासले. जुन्या रंगांत शिशाची संयुगे असू शकतात, म्हणून असे रंग कोरडे घासून त्यांची धूळ उडवू नये. मुलांना तर जवळ येऊ देऊ नये. नवा रंग दाराच्या खालच्या आडव्या घडीपर्यंतच नेला. पत्रा जिथे वळतो तिथे प्रकाशाचा कोन बदलतो आणि रंगछटा तशीही बदललेली दिसते. रंगातला उरलासुरला फरक त्या वळणात लपतो. जेथे घडी नव्हती तेथे रंगाचा फवारा कडेकडे विरळ करत नेला. डोळा सरळ कड चटकन टिपतो, पण तेवढाच फरक हळूहळू पसरलेला असेल तर त्याला तो जाणवत नाही.

वर्गात करून पाहा

१. दगडी पाटीचा अर्धा भाग ओला करा. दोन्ही भागांतील फरक विद्यार्थ्यांना समजावून सांगायला लावा. पाटीचा रंग बदलला का, की पृष्ठभाग बदलला?

२. जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूत ट्यूबलाइट, तारेचा बल्ब आणि एलईडी यांची प्रतिबिंबे तिरकी धरून पाहा. कोणाचा वर्णपट सलग आहे आणि कोणाच्यात पट्टे किंवा दऱ्या आहेत, ते वहीत काढा. सूर्याकडे थेट पाहू नका, त्याचे प्रतिबिंबही पाहू नका. उन्हासाठी ढगाळ आकाशाचा प्रकाश पुरतो.

३. पोस्टर कलरमधून दोन राखाडी रंग तयार करा. एक काळा आणि पांढरा मिसळून, दुसरा निळा, नारिंगी आणि पांढरा मिसळून. वर्गातील दिव्याखाली दोन्ही शक्य तितके सारखे करा, वाळू द्या. मग व्हरांड्यात नेऊन पाहा. किती विद्यार्थ्यांना फरक दिसतो, ते मोजा. कोणाला दिसला नाही तर त्याची थट्टा होऊ देऊ नका. रंगदृष्टीत जन्मतः फरक असणारी मुले प्रत्येक शाळेत असू शकतात, आणि मुलग्यांत त्यांचे प्रमाण मुलींपेक्षा कितीतरी अधिक असते.

आज शहरांतील मोठ्या रंगविक्रेत्यांकडे रंग मोजणारी हातातली यंत्रे आली आहेत. ती वर्णपट मोजतात, संगणक प्रमाण सुचवतो आणि काट्यावर रंग वजनाने मिसळला जातो. जुन्या गाड्यांसाठी हे वरदानच आहे. मात्र यंत्राला कोणता भाग मोजायचा, तो आधी घासून चमकवायचा की नाही आणि तुकडा कोणत्या उजेडात तपासायचा, हे माणसालाच ठरवावे लागते. आमच्या पहिल्या दोन डब्यांत मोजमापाची चूक नव्हतीच. प्रश्नच चुकीचा विचारला होता.

गाडी अजून कुरुंदवाडच्या अंगणात असते. पावसाळ्याच्या आधी दारांच्या तळाची भोके तारेने मोकळी करण्याचे काम आता ठरलेले आहे. दिवसा पाहणाऱ्याला दुरुस्ती ओळखता येत नाही. रात्री सोप्यातला एलईडी दिवा लागला की डाव्या दाराची खालची पट्टी किंचित वेगळी दिसते. वर्णपट अगदी शंभर टक्के जुळलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पट्टीच्या वरचा सगळा रंग मात्र अजून १९८४चाच आहे, पस्तीस वर्षांच्या उन्हासकट.